बांधीतलं नाटक

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. दिवाळी नुकतीच सरलेली; हलकं धान कापून झालेलं, भारी धान अजून उभं. एसटीत लेकीबाळींची गर्दी, कारण भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडई भरते. गावागणिक तारीख ठरलेली. दिवसा बाजार, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, पाहुण्यांची सरबराई, जमल्यास एखाद्या सोयरिकीची बोलणी. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक.

वाटेत पवनीला उतरलो. तीन बाजूंना जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. हे गाव नकाशावर बेट नसलं तरी बांधणीनं बेटच आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी खोदकाम केलं, तेव्हा ४० मीटरहून मोठ्या व्यासाचा स्तूप उजेडात आला. सांचीचा मोठा स्तूपही याहून लहान. मुचलिंद नागाचं नाव कोरलेला स्तंभ इथलाच. पण मला जास्त भावले ते दानलेख. ज्यांनी पैसा दिला त्यांची नावं ब्राह्मीत दगडावर कोरलेली. धर्मकार्य खरं, पण देणाऱ्याचं नाव चारचौघांना दिसलं पाहिजे, ही हौस इथे दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

या हौसेची आठवण त्याच रात्री झाली. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात, कापणी झालेल्या बांधीत कनात लावलेली. पडदा उघडायच्या आधी लाऊडस्पीकरवर देणगीदारांची नावं चालू होती आणि ती संपता संपत नव्हती. शेजारच्या आजोबांनी घोंगडीवर जागा करून दिली. "काहून जी, नागपूरवरून आले का? बसा ना!"

दहाला सुरू होणारं नाटक अकराला सुरू झालं, पहाटेपर्यंत चाललं. रंगवलेले पडदे, ऑर्गन, तबला-ढोलक, जोडीला ऑक्टोपॅड. कर्जात बुडालेला बाप, वाया गेलेला मुलगा, सावकार, आणि दर वीस मिनिटांनी लोकांना हसवून मोकळं करणारा विनोदी नट. विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या रांगांना स्पष्ट ऐकू येत होता. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मध्येच कथेशी काडीचा संबंध नसलेली लावणी आली आणि मागच्या तिकिटावरची पोरं उभी राहिली. मला ती खटकली. आजोबांना नाही. त्यांना खटकलं ते वेगळंच: त्यांच्या तरुणपणी दंडारीत बाईचं काम गडीच करायचे, "आन् वळखू येत नोयते."

दंडार ही इथली जुनी चीज. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आणि या रंगभूमीसाठी केलेलं काम नसतं, तर तिची नोंद पुण्या-मुंबईच्या नाट्येतिहासात शोधूनही सापडली नसती. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीचा धानपट्टा. इथल्या नाटकाकडे 'लोककला जगवली पाहिजे' अशा कळवळ्यानं पाहणारे शहरी लोक येतात. त्यांनी तिकीटखिडकीवर उभं राहावं. हा अनुदानावर चालणारा उत्सव नाही, धानावर चालणारा धंदा आहे. हंगाम होळीपर्यंत, धान विकलं गेलं की हातात पैसा, बांधी मोकळी, रात्री लांब. पीक बुडालं तर तिकीट बुडतं. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचंही तसंच. दिवसा पट, रात्री नाटक अशी जोडी असायची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या तेव्हा पटाबरोबर येणारा प्रेक्षकही गेला. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि जोडी पुन्हा जमली; २०२३ साली राज्याचा कायदाही न्यायालयात टिकला.

सकाळी वडसा गाठलं. हे गडचिरोली जिल्ह्यातलं, पण भंडाऱ्यातल्या गावांची नाटकं ठरतात ती इथेच. इथे कंपन्यांची कार्यालयं, दारावर नट-नट्यांच्या फोटोंचे फलक, आत तारखांची वही. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीत घेतलं गेलं. वडशात मात्र इसाराची रक्कम किती, हाच विषय.

एका कार्यालयात चौघे गावकरी बसले होते. त्यांना माघातली तारीख हवी होती. व्यवस्थापकानं नव्या नाटकाची कथा अर्ध्यावर आणली, तोच त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी हात वर केला. गेल्या साली कॉमेडी जास्त झाली, बाया रडल्याच नाहीत, दुसऱ्या दिवशी गावात चर्चा नाही. यंदा रडवणारं द्या, आणि खलनायक तोच पाहिजे. व्यवस्थापक म्हणाला, तो खलनायक त्या तारखेला मोकळा नाही. मग तारीख बदला, गृहस्थ म्हणाले, आणि वही त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.