इंग्रजी शब्दाची तक्तीअ

वीसेक वर्षांपूर्वी, बी.एड. झाल्यावर, एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. बोलताना 'डेव्हलपमेंट' म्हणालो, जोर 'डे'वर. समोरचे गृहस्थ हसले, "उर्दूवाल्यांचं इंग्रजी असंच!" बाभुळगावला परतताना एसटीत तो शब्द कितीदा तरी पुटपुटलो. चूक कुठे आहे, ते मात्र कळेना.

पुढे कळलं, मराठी शाळेतली मुलंही जोर तिथेच देतात. आमच्या मोहल्ल्याचं खास म्हणाल तर 'इस्कूल' आणि 'इस्टेशन'. जोराचं दुखणं दोघांचं सारखंच. मराठीत काय, उर्दूत काय, नुसता जोर हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड' म्हणजे नोंद, तेव्हा जोर पहिल्या तुकड्यावर. नोंद करणे, तेव्हा दुसऱ्यावर.

यंदा दहावीतली एक मुलगी इंग्रजी उताऱ्यात 'फोटोग्राफी'वर अडखळली, वर्ग हसला, तेव्हापासून ती गप्पच. एकदा उर्दूच्या तासाला मी शेराची तक्तीअ शिकवत होतो. तक्तीअ म्हणजे तुकडे पाडून लांब-आखूड मोजणं. आमचा 'फाइलातुन' तोच मराठी गझलेचा 'गालगागा'. फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी ही वृत्तं मराठीत वापरली. तिने हळूच विचारलं, "सर, इंग्लिश लफ्ज की भी तक्तीअ होती क्या?"

मी खडू उचलला. फो-ट-ग्राफ : मोठी टाळी पहिल्यावर. फ-टॉग्-र-फी : दुसऱ्यावर. फो-ट-ग्रॅ-फिक : तिसऱ्यावर. आपल्याकडे वजन ठरतं अक्षर लांब की आखूड यावरून, इंग्रजीत जोरावरून. शब्दाचं शेपूट बदललं की जोर सरकतो आणि मागे राहिलेला स्वर आकसतो. म्हणून 'फो'चा 'फ' होतो. शेवटी 'शन' आलं की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर : ए-ज्यु-के-शन, एग्-झॅ-मि-ने-शन. 'इटी'च्या शब्दांतही जोर 'इटी'च्या आधी : यु-नि-व्हर्-सि-टी.

दुसऱ्या दिवशी तिने बाकावर बोट वाजवत अख्खा उतारा वाचून दाखवला. दोनदा चुकली, पण थांबली नाही.

चूक दाखवायला एक टाळी पुरते, हसावं लागत नाही. त्या मुलाखतीत मला तेवढीच हवी होती. घंटा होता होता मी फळ्यावर लिहिलं, डि-व्हे-लप-मेंट, आणि 'व्हे'वर टाळी दिली. मुलांना वाटलं, आणखी एक उदाहरण.