उंबऱ्याआतली कबर

धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्यांना प्राचीनतेचा शोध घेण्यास दूर जावे लागत नाही. तेर, म्हणजे पूर्वीचे तगर, येथील पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकाळातील वैभव वर आले. तिथल्या संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली थेट इटलीतील पाँपेई येथे मिळाली. पण ज्यांचे आयुष्य कबरीच्या काठावर उभे राहून प्रार्थना म्हणण्यात गेले, त्या आम्हां धर्मगुरूंना आणखी एक प्रश्न पडतो. ही प्राचीन माणसे जगली कशी हे कळले. आपल्या मृतांना त्यांनी निरोप कसा दिला?

या प्रश्नाचे बोलके उत्तर तेरच्याही कितीतरी आधीच्या एका गावाने दिले आहे. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ साली तेथे उत्खनन सुरू केले. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या विद्वानांनी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरे, चुली, धान्याच्या कणग्या सापडल्या आणि दोनशेहून अधिक दफनेही सापडली. त्यांतील बहुसंख्य बालकांची होती.

या लोकांची स्मशानभूमी गावाबाहेर नव्हती. मृताला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. प्रौढाला उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत, शेजारी अन्नपाण्याची भांडी ठेवीत. मात्र त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने भटकू नये, ही त्यामागील भावना असावी, असे अभ्यासक मानतात. गावातील एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते. मानमरातब मरणानंतरही सुटत नाही!

बालकांसाठी रीत निराळी होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवीत आणि त्यांच्या पोकळीत ते इवले शरीर. आम्हांला त्यात आईची कूस दिसते. ज्या जमिनीवर आई सारवण घाली, त्याच जमिनीखाली तिचे मूल निजलेले असे.

ही माया एका प्रदेशाची मिरास नव्हे. डेन्मार्कमधील व्हेडबेक येथे १९७५ साली सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी उघडकीस आली. तेथे एका तरुण मातेशेजारी तिचे नवजात अर्भक हंसाच्या पंखावर निजविलेले होते. शेतीही न जाणणाऱ्या त्या शिकाऱ्यांना मृत बाळाखाली काहीतरी मऊ असावे, असे वाटले होते.

आमच्या समाजाने या बाबतीत अंतर्मुख व्हावे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नाकारण्याची रीत ख्रिस्तसभेत दीर्घकाळ होती. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने, आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती अशा बालकांच्या अंत्यविधीस परवानगीची वाट मोकळी केली. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाविषयी आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे सांगितले. तरीही गावोगावी असे बाळ घाईने, मुकाट्याने पुरले जाते. त्याला नाव नसते, खूण नसते. आईला सांगतात, 'रडू नकोस, दुसरे होईल.'

इनामगावच्या मातीतून कोणाचे नाव वर आले नाही, प्रार्थनेचा शब्दही नाही. वर आली ती दोन मडकी, काळजीपूर्वक जुळविलेली. जे मूल एक हंगामही जगले नाही त्यासाठी कोणीतरी खड्डा खणला, मडकी निवडली आणि त्याला घरातच जागा दिली. आमच्या दफनभूमीच्या एखाद्या कोपऱ्यात एवढी जागा आणि त्या आईला मोकळेपणी रडण्याएवढा वेळ देणे आम्हांला जड जाऊ नये.