बिनमिठाचे बटाटे

मंडळी, आजचा विषय खाण्याचा आहे, पण पाककृती मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. विषय आहे काउंटरच्या पलीकडून येणारं एक वाक्य: "सर, तसा ऑप्शन नाहीये." पिझ्झा, बर्गर, सँडविच, कुठल्याही साखळी दुकानात जा, हे वाक्य ठरलेलं. कांदा काढून देता का? नाही. कॉम्बोतलं थंड पेय नको, त्याऐवजी पाणी देता का? देतो, पण पाण्याचे पैसे वेगळे. (आणि थंड पेयाचे पैसे कापणार नाही, हे बिल आल्यावर कळतं.)

तसं पाहिलं तर आपल्याकडे अशा अरेरावीची परंपरा जुनीच आहे. "एका थाळीत दोघांनी जेवू नये", "जादा रश्श्याचे पैसे पडतील" ह्या पाट्या वाचतच आपण मोठे झालो. पण त्या पाटीखाली गल्ल्यावर मालक बसलेला असायचा. त्याच्याशी भांडता यायचं. तो चिडायचा, आपण चिडायचो, आणि शेवटी पोऱ्या वाटीभर रस्सा आणून आदळायचा. आता काउंटरवर जी वीस-बावीस वर्षांची मुलगी उभी असते, तिच्या हातात काहीच नसतं. तिच्याशी भांडायचं तर आपल्यालाच लाज वाटते.

तर झालं असं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, इंदापूरला असतात. एसटीत ड्रायव्हर होते. उभं आयुष्य स्टँडवरच्या कँटीनमध्ये आणि हायवेवरच्या ढाब्यावर जेवले, त्यामुळे बाहेरच्या खाण्याचं त्यांना भारी कौतुक. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं, पायांवर सूज यायला लागली आणि डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं. तळलेलं महिन्यातून एखाद्या वेळी, चवीपुरतं चालेल म्हणाले. मिठाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही.

गेल्या डिसेंबरात मुलाचा वाढदिवस होता. त्याला बर्गरच हवा होता, म्हणून इंदापूरहून सगळे गाडीत घालून बारामतीला आलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कुठलंही धरा. अण्णांना बर्गरशी देणंघेणं नव्हतं, पण बटाट्याच्या तळलेल्या काड्या त्यांना मनापासून आवडतात. मी म्हटलं, एक प्लेट बिनमिठाची द्या. मुलीने पडद्यावर दोनतीनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, सिस्टिममध्ये येत नाहीये." मी म्हटलं, सिस्टिममध्ये नसू दे, आतल्या माणसाला नुसतं ओरडून सांगा. ती म्हणाली, "ऑर्डर स्क्रीनवर दिसल्याशिवाय ते करत नाहीत सर." मॅनेजरला बोलावलं. त्यानेही अत्यंत नम्रपणे हेच सांगितलं. आम्ही दहा मिनिटं थांबायला तयार होतो, दुप्पट पैसे द्यायलाही तयार होतो. मागे रांग वाढत होती. अण्णा म्हणाले, "राहू दे रे, मला कुठं एवढी भूक आहे." आणि नातवाचा केक कापून होईपर्यंत ते चहाचा कागदी कप हातात धरून बसून राहिले.

मला राग आला तो नकाराचा नव्हे. नकार समजू शकतो. पॅटी गोठवलेली येते, कांदा-लसूण कारखान्यातच मिसळलेला असतो. तो काढून द्या म्हणणं म्हणजे चहातून साखर काढून द्या म्हणण्यासारखं आहे. पण ह्या काड्यांवर मीठ वरून पडतं, तेसुद्धा तळून बाहेर काढल्यावर. म्हणजे अण्णांसाठी करायचं काय होतं? एक हात आवरायचा होता! मालात अडचण नव्हती, अडचण होती पडद्यावर. आणि हा पडदा तर माझ्याच जातभाईंनी बनवलेला. बिलिंगचं सॉफ्टवेअर कसं बनतं ते मला ठाऊक आहे: पदार्थांची यादी, प्रत्येक पदार्थाला जोडलेले ठरावीक बदल, "चीज जादा", "मेयो जादा". जादाचं बटण असतं, कारण त्याचे पैसे येतात. "कमी"चं बटण बनवायला कोणी पैसे देत नाही.

ह्याचं मूळ बरंच लांब आहे. 1948 साली अमेरिकेत, सॅन बर्नार्डिनोमध्ये, मॅकडोनल्ड बंधूंनी आपलं चालतं हॉटेल बंद करून नव्याने उघडलं. गाडीपाशी येऊन वाढणारी पोरं काढून टाकली, पदार्थ नऊवर आणले आणि प्रत्येक बर्गरवर तेच केचप, तीच मोहरी, तोच कांदा. वेगळं काही मागाल तर थांबा. वेग आला तो निवड काढून टाकल्यामुळे. पुढे 1974 मध्ये बर्गर किंगने बरोबर ह्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि "तुम्हाला हवं तसं घ्या" अशा अर्थाची जाहिरात केली. त्याच्या चार वर्षं आधी, 1970 च्या 'फाइव्ह ईझी पीसेस'मध्ये जॅक निकल्सनला हॉटेलात नुसता टोस्ट मिळत नाही, तेव्हा तो टोस्टमधलं चिकन सँडविच मागवतो आणि त्यातून लोणी, पाला आणि शेवटी चिकनसुद्धा वगळायला सांगतो. त्यालाही टोस्ट मिळत नाहीच म्हणा. :-)

आता बारामतीचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. मोरोपंत इथलेच, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला असलेले. 1794 मध्ये गेले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं म्हणतात आणि प्रत्येकाची अट वेगळी. एक निरोष्ठ रामायण आहे. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटवणारी अक्षरं वर्ज्य. म्हणजे रामायणात 'राम' लिहायची सोय नाही! कथा तीच, पण 'म' वगळून हवी, तर पंत वगळून देत होते. त्याच गावात अडीचशे वर्षांनी मला मीठ वगळून मिळेना. असो.

बरं, गर्दीचं कारणही मला पटत नाही. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते तेव्हाच्या पंगती आम्ही लहानपणापासून पाहिल्यात. तिथे निवड शून्य. पिठलं-भाकरी तर सगळ्यांना पिठलं-भाकरी. पण वाढपी समोर उभा असतो. कोणी म्हणतं "मिरची काढून", कोणी "भाकरी कुस्करून वर आमटी ओत", दात नसलेल्या म्हाताऱ्याला तर वाढपी न विचारताच मऊ बघून देतो. हजारांच्या रांगेत हे चालतं, कारण तिथे वाढणाऱ्याला कुणाला विचारावं लागत नाही.

जानेवारीत मी माझ्या एका मित्राच्या हॉटेलसाठी बिलिंगचा छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. इंदापूरलाच, हायवेला लागून. चिलापी फ्राय, अख्खा मसूर, आम्लेट वगैरे. प्रत्येक पदार्थासमोर एक रिकामा रकाना ठेवला, त्यात वेटरने काहीही टाइप करावं, ते जसंच्या तसं स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवर छापलं जातं. पहिल्या रविवारीच मित्राचा फोन. आचारी भडकला होता. चिठ्ठ्यांवर "जरा प्रेमाने बनवा", "मागच्या वेळसारखं", आणि एकावर तर "मासा ताजा आहे ना, खरं सांगा" असं छापून आलेलं. मित्र म्हणाला, तो रकाना काढून टाक. बरीच घासाघीस झाली. शेवटी दहा अक्षरांवर मिटलं, त्यापुढे टाइप होत नाही.

परवा अण्णा तिथे आम्लेट खाऊन आले. 'अळणी' बसतं दहात.