टाकी काठोकाठ

आळेफाट्याला पेट्रोल भरलं की आमची गाडी लवकर सुरूच होत नसे. इंजिनाचा पिवळा दिवाही लागलेला. परवा तसंच झालं. पिंपरी पेंढारला पोहोचेपर्यंत सूर्य मावळला. सासूबाईंचा चौविहार, त्या उपाशीच झोपल्या.

मेकॅनिकने टाकीचं झाकण पाहिलं, ते ठीक होतं. मग पर्ज व्हॉल्व्ह काढून फुंकला. वायर जोडलेली नसताना तो बंद हवा; फुंकर आरपार गेली! टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते, चालू इंजिन ती ओढून जाळतं. इथे ती सुरू करतानाच आत घुसत होती. व्हॉल्व्ह बदलला.

“पंप थांबला की थांबा, वरचं पेट्रोल त्या डब्यात शिरतं,” तो म्हणाला. काठोकाठ भरायला सांगणारी मीच, आणि परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलेलीही मीच! सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.