बाबेलला गेलेलं पत्र

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला दर दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न गाठतो: आता पुढे काय? कधी व्हिसा संपत आलेला असतो, कधी नोकरीचा करार, कधी गावाकडचे आई-वडील थकलेले असतात. अशा वेळी तुमच्यापैकी कुणी पत्रिका दाखवत असेल, कुणी एक्सेलमध्ये फायदे-तोटे मांडत असेल, तर कुणी 'नशिबात असेल ते होईल' म्हणून गप्प बसत असेल. आमच्या घरात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: देवाची इच्छा काय आहे?

मी नगरची, मराठी ख्रिस्ती. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात अजून नगरच बसलंय. आजोबा नेवासे तालुक्यात वडाळा मिशनच्या शाळेत मास्तर होते. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एमएस्सी करून मी नेदरलँड्सला आले, इथेच पीएचडी केली आणि आता वाखनिंगनमध्ये पोस्टडॉक करते. विषय ज्वारीच्या मुळांचा. करार येत्या ऑगस्टमध्ये संपतो. समोर दोन वाटा आहेत. एक इथल्याच एका बियाणं कंपनीतली कायमची नोकरी. दुसरी सोलापूरकडे, रब्बी ज्वारीवरच्या एका प्रकल्पात, तीन वर्षांपुरती, पगार इथल्यापेक्षा पुष्कळ कमी. नगरला आई एकटी असते.

'पाचारण' हा शब्द तुम्ही कदाचित फक्त जुन्या निमंत्रणपत्रिकांत वाचला असेल. आमच्या मंडळीत तो रोजच्या वापरातला आहे. देव माणसाला एखाद्या कामासाठी बोलावतो, ते पाचारण. लहानपणी संडे स्कूलमध्ये हा शब्द इतक्यांदा कानावर पडला की मोठेपणी प्रत्येक वळणावर माणूस कान टवकारून उभा राहतो. हाक आली का? ती माझ्यासाठीच होती का?

वाखनिंगन हे विद्यापीठाचं गाव आहे. इथे शंभराहून अधिक देशांचे लोक येतात आणि त्यातले बहुतेक काही वर्षांनी निघून जातात. आमच्या छोट्या प्रार्थनागटात इथिओपियाचे, घानाचे, इंडोनेशियाचे संशोधक आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचा करार कधी ना कधी संपत आलेला असतो. त्यामुळे 'देवानं वाट दाखवावी' ही प्रार्थना दर आठवड्याला कुणीतरी मागतंच. कुणी म्हणतं, शुक्रवारपर्यंत ईमेल आला तर ती देवाची खूण समजेन. कुणी पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडतं आणि जिथे बोट पडेल ते वाचतं. मला या लोकांना हसावंसं वाटत नाही. ज्याच्या व्हिसावर तारीख छापलेली आहे, त्याला खूण हवी असणारच.

खूण मागणाऱ्यांचा आधार म्हणजे शास्ते या पुस्तकातला गिदोन. त्याने खळ्यावर रात्रभर लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, दव नुसतं लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. तसं झालं. मग दुसऱ्या रात्री त्याने उलटं मागितलं. गोष्ट सांगताना एक भाग मात्र गळतो. लोकर ठेवण्याच्या आधीच गिदोनाला काय करायचं ते स्पष्ट सांगितलेलं होतं. त्याला वाट ठाऊक होती, हवा होता तो धीर. वाट ठाऊक नसताना लोकर ठेवून ती सापडते, असं ती गोष्ट म्हणत नाही.

मग वाट ठाऊक नसलेल्यांसाठी काय आहे? यिर्मयाच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय. यातलं एक वचन तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी कुठेतरी पाहिलं असेल. मग, कॅलेंडर, पदवीदानाची शुभेच्छापत्रं यांवर ते छापलेलं असतं. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याच्याच योजना आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. माझ्या पीएचडीच्या वेळी या एकाच वचनाची तीन कार्डं मला मिळाली.

पण हे वचन मुळात एका पत्रातलं आहे आणि ते पत्र परदेशात राहणाऱ्यांना लिहिलेलं आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकून तिथले कारागीर, अधिकारी, शिकलेली माणसं उचलून बाबेलला नेली. ते लोक रोज एकच विचारत होते: आपण परत कधी जाणार? हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता, दोन वर्षांत. यिर्मयाने यरुशलेमहून त्यांना पत्र पाठवलं आणि आकडा सांगितला सत्तर. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. तोपर्यंत काय करायचं, तेही त्याने लिहिलं. घरं बांधा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे.

आपण कार्डावर जे छापतो ते वचन या यादीनंतर येतं. आणि ते एकट्याला उद्देशून नाही. तिथला 'तुम्ही' अनेकवचनी आहे, सगळ्या वस्तीला धरून आहे. मला कोणत्या कंपनीत नोकरी मिळेल, याची योजना त्यात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. राहताय तिथे काय करायचं, हे मात्र त्यात स्वच्छ लिहिलंय.

नगराची शांती हा शब्द वाखनिंगनमध्ये मला नेहमी थांबवतो. याच गावातल्या 'दे वेरेल्ट' हॉटेलात ५ मे १९४५ रोजी नेदरलँड्समधल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी झाली. अजूनही दरवर्षी ५ मेला इथून मुक्तीची मशाल घेऊन धावणारे देशभर निघतात. पहिल्या वर्षी मी ते परक्यासारखी बघत होते. आता आदल्या रविवारी उपासनेत या गावासाठी प्रार्थना होते तेव्हा मीही तोंड उघडून 'आमेन' म्हणते.

डच भाषेत नोकरी-धंद्याला 'बरूप' म्हणतात. त्याच्या पोटात हाक मारण्याचं क्रियापद आहे. सुतार, परिचारिका, शेतकरी, प्रत्येकाचा व्यवसाय म्हणजे हाकच, ही प्रोटेस्टंट पंथाची जुनी समजूत त्या शब्दात उरली आहे. इथल्या मंडळ्या नव्या पाळकाला बोलावतात तेव्हाही हाच शब्द वापरतात. त्यात मला आवडतं ते हे, की ती हाक माणसांच्या तोंडून येते, रीतसर पत्राने येते, आणि पाळक विचार करून नम्रपणे नकारही देऊ शकतो. नकार दिला म्हणून त्याला कुणी अवज्ञाकारी ठरवत नाही.

आमच्याकडे पाचारणाचा विषय निघाला की पंडिता रमाबाईंचं नाव येतंच. पण त्यांचं आयुष्य क्रमाने पाहिलं तर त्यात आखलेला रस्ता फार थोडा दिसतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमला शिकणं-शिकवणं चाललं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी म्हणून अमेरिकेला गेल्या आणि तिथे दोन वर्षांहून अधिक राहून विधवांच्या शाळेसाठी पाठबळ उभं केलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. अमेरिकेतली मदत दहा वर्षांसाठी कबूल झालेली होती. ती संपल्यावर उत्पन्नाला आधार असावा म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळबागेसाठी. (नगरजवळचं केडगाव नव्हे. हे दौंड तालुक्यातलं. नगरहून रेल्वेने पुण्याला जाताना लागतं.)

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील आणि बहीण त्यांच्या तरुणपणी दुष्काळातच गेले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बायका घेऊन आल्या, शेकड्यांनी. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. ते आजही चालू आहे.

म्हणजे झाडांसाठी घेतलेली जमीन माणसांच्या कामी आली. जमीन घेताना हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाग लावणं तेवढं समोर होतं, ते त्या करत होत्या. गोष्टीला गोड शेवट द्यायचाही मोह नको. हे काम ज्या मुलीच्या हाती सोपवायचं होतं ती मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर त्यांनी अखेरपर्यंत हातातून सोडलं नाही.

पाचारणाची दुसरी बाजू सांगायला लक्ष्मीबाई टिळकांइतकं खरं माणूस नाही. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चमध्ये ही साक्ष आम्ही आनंदाने सांगतो. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की त्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. नवऱ्यापासून दुरावा, नातेवाइकांकडची वर्षं, लोकांचे बोल. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी. एकाला हाक येते तेव्हा तिची किंमत शेजारचं माणूसही मोजत असतं. म्हणून 'देवाची इच्छा' हे शब्द उच्चारण्याआधी, यात कुणाचं काय जाणार आहे, हे विचारणं मला प्रार्थनेइतकंच गरजेचं वाटतं.

माझ्या कामात मी रोज मुळं बघते. मातीने भरलेल्या काचेच्या पातळ पेट्यांमध्ये ज्वारीचं रोप लावायचं आणि मूळ कसं उतरतं ते पाहायचं. रब्बीची ज्वारी पाऊस सरत आल्यावर पेरतात. वरून फारसं पाणी मिळत नाही, काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक निघतं. मुळाला खालचं पाणी दिसत नसतं. टोकाजवळ एका बाजूला दुसरीपेक्षा जरा जास्त ओल आहे, एवढंच त्याला कळतं आणि ते तिकडे वळतं. ओल्या बाजूलाच त्याला फाटे फुटतात. स्तोत्रकर्त्याने देवाच्या वचनाला पावलांपुढच्या दिव्याची उपमा दिली आहे. तो दिवा केवढा असेल, याचा अंदाज मला या पेट्यांनी दिला.

म्हणून सोलापूर की इथली कंपनी, यासाठी मी लोकर ठेवलेली नाही. दोन्हीकडे अर्ज केले आहेत. दोन्हीपुढे मी तेच प्रश्न ठेवते: जे मला शिकायला मिळालं ते कुठे जास्त उपयोगी पडेल? कुणाला त्याची झळ बसेल? मला ओळखणारी, माझ्याशी खरं बोलणारी माणसं काय म्हणतात? आणि ऑगस्टपर्यंत इथे जे काम, जी माणसं माझ्यावर सोपवली आहेत, त्यांचं काय? प्रार्थनेत मी हेच मांडते. उत्तर अजून आलेलं नाही. त्याने झोप उडत नाही असं म्हणणार नाही, पण पेट्यांना पाणी घालायचं कुठल्याच दिवशी राहिलेलं नाही.

सर्वांत खरं बोलणारं माणूस म्हणजे आई. गेल्या रविवारी व्हॉट्सॲपवर तिला म्हटलं, "तू एकटी आहेस, हीच खूण समजून मी सोलापूरला येऊ का?"

ती म्हणाली, "मला खूण-बिण करू नकोस बाळा. यायचं तर ज्वारीसाठी ये. उद्या मी मेले तर मग काय करशील, तिथं बसून रडशील?"

मी गप्प झाले. मग तीच म्हणाली, "पण फेब्रुवारीत माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तेव्हा मात्र माझ्यासाठी ये. तीन आठवडे तरी."

त्याचं तिकीट काढलं आहे.