सातासमुद्रापलीकडचा दुकानदार

(द्वितीय वर्ष, कला)

गिऱ्हाईक म्हणजे देव, असे आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. पण देवापुढे निदान खरा नैवेद्य ठेवतात. आजच्या या देवाला नैवेद्याचे नुसते चित्र दाखवले जाते, दक्षिणा त्याच्याकडूनच आधी वसूल केली जाते, आणि ताट कधी येणार असे विचारायला जावे तर पुजारी सातासमुद्रापलीकडे! इंटरनेटवरून परदेशी दुकानदाराकडे खरेदी करणे म्हणजे काय, याचा अनुभव गेल्या वर्षी आमच्या घराने घेतला. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर शेतकऱ्याचे. वडील चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही, आणि कॉलेजची पायरी चढलेली या घरातली मी पहिलीच. परंतु खरेदीच्या विद्येत आमचे वडील पदवीधर आहेत, असे मी अभिमानाने म्हणेन. जनावरांच्या बाजारात खिल्लार बैल घ्यायचा तर ते आधी दात पाहतात, मग खूर, मग खांदा. चार पावले चालवून बघतात. सौदा जमला तरी लगेच सगळे पैसे मोजत नाहीत. थोडा विसार देतात. उरलेली रक्कम बैल दारी येऊन औताला नीट चालला म्हणजे! आणि या व्यवहारात दोन्ही बाजूंच्या ओळखीचा एक माणूस मध्ये असतो. उद्या बैल मारका निघाला, तर वडील विकणाऱ्याचे गाव शोधत बसत नाहीत. त्या मधल्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसतात. पारख, विसार आणि मधला माणूस, या तीन खुंट्यांना आमचा बाजार बांधलेला आहे.

माझ्या धाकट्या काकू गावात ब्लाउज शिवतात. कापडाचा एक धागा ओढून, तो काडीवर जाळून, कापड निव्वळ सुती की मिसळीचे हे त्या वासावरून सांगतात. अशा बाईला कोणी भोळी म्हणू नये. एके दिवशी मोबाईलवर त्यांना एक जाहिरात दिसली. टेबलावर ठेवलेले पांढरे यंत्र आपोआप कापडावर मोर भरत होते. किंमत ३,२९९ रुपये. खाली घड्याळ उलटे पळत होते, म्हणजे सवलत आजच्यापुरती! किंमत रुपयांत, बाई साडीतली, मजकूर हिंदीत. दुकान आपल्याच देशातले वाटावे, अशी सगळी व्यवस्था. पुण्याला कामाला असलेल्या त्यांच्या मुलाने आपल्या डेबिट कार्डावरून पैसे भरले. बँकेचा संदेश आला तो ३,४३५ रुपयांचा. वरचे पैसे परकी चलनाच्या बदलाचे. दुकान परदेशातले आहे, हे घराला कळले ते असे, पैसे गेल्यावर.

सव्वीस दिवसांनी पार्सल आले. आत भरतकामाचे यंत्र नव्हते. कागद टाचायच्या यंत्राएवढे, हाताने दाबून टाके घालायचे एक प्लास्टिकचे खेळणे होते. काकू त्याकडे पाहत नुसत्या बसून राहिल्या. बावीस ब्लाउजांची शिलाई त्या खोक्यात गेली होती. रागापेक्षा त्यांना लाज अधिक वाटत होती, आणि मला वाटते, अशा फसवणुकीतला सर्वांत मोठा तोटा हाच. ज्या पारखीवर त्यांनी आयुष्यभर भरवसा ठेवला, ती चित्रापुढे चाललीच नाही. चित्रातला धागा ओढता येत नाही, जाळून पाहता येत नाही.

“तू कॉलेजात जातेस ना, तूच लिही आता त्यांना,” असे म्हणून काकूंनी काम माझ्याकडे सोपवले. दुकानदाराचे इंग्रजी उत्तर फार गोड होते. ‘प्रिय मित्र’ अशी सुरुवात, पुढे दिलगिरी, आणि शेवटी प्रस्ताव असा: वस्तू ठेवून घ्या, १५ टक्के पैसे परत देतो, नाहीतर वस्तू स्वखर्चाने आमच्या परदेशातील गोदामात पाठवा. टपाल कचेरीत चौकशी केली, तर पाठवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीच्या आसपास जात होता. मी नकार कळवला. मग २० टक्के झाले, मग ३० टक्के, आणि दर वेळी ‘आणखी थोडे दिवस थांबा’ ही विनवणी. या गोडव्यात एक मेख असते. गिऱ्हाईक थोड्या पैशांवर राजी झाले की तक्रार मिटल्याचा पुरावा दुकानदाराच्या हाती येतो. आणि राजी नाही झाले, तरी तक्रारीची मुदत टळत जाते.

मग मी कायद्याकडे वळले. आमच्या ग्रंथालयात १९३० चा मालविक्रीचा कायदा मिळाला. वर्णनावरून माल विकला असेल, तर माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही अट त्याच्या १५ व्या कलमातच गृहीत धरलेली आहे. म्हणजे मोबाईलचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी काकूंची बाजू कायद्याने मान्य केलेली होती! पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो २०२० च्या जुलैत अमलात आला. त्याच महिन्यात आलेले ई-व्यापाराचे नियम, भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू आहेत. तक्रार अधिकारी नेमावा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी, महिन्याच्या आत निवारण करावे, मालाचा मूळ देश सांगावा, असे त्यांत आहे. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच दाद मागता येते, आणि १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.

हे वाचून मला हुरूप आला. पण दुकानाच्या पानावर पत्ता शोधू लागले, तेव्हा तो ओसरला. पत्ता नव्हताच, होता तो फक्त एक ई-मेल. जिल्हा आयोगाने आमच्या बाजूने हुकूम दिला, तरी तो बजावायचा कोणावर? देशात कार्यालय, गोदाम किंवा मालमत्ता असलेल्या मोठ्या कंपनीला कायद्याचा धाक राहतो. जिचे इथे काहीच नाही, तिला काय धाक? कायद्याचा हात लांब असतो म्हणतात. पण त्यालाही दुसऱ्या देशाच्या वेशीवर थांबून परवानगी मागावी लागते. अनेक देशांच्या ग्राहक संस्थांनी मिळून २००१ पासून ‘ईकन्झ्युमर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ चालवले आहे. तिथे अशा तक्रारी नोंदवता येतात आणि ठकांचा माग काढायला त्या उपयोगी पडतात. मात्र एकेकाचे पैसे परत मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे.

अखेर मला वडिलांचा बाजार आठवला. विकणारा सापडत नसेल, तर मधला माणूस कोण? पैसे ज्या वाटेने गेले, त्या वाटेवरच तो उभा होता. कार्डाने पैसे भरले की ग्राहकाची बँक आणि दुकानदाराची बँक यांच्यामध्ये कार्डाचे जागतिक जाळे असते. माल आला नाही किंवा वर्णनाप्रमाणे आला नाही, तर आपल्या बँकेमार्फत ते पैसे परत मागण्याची सोय त्या जाळ्याच्या नियमांत असते. तिला ‘चार्जबॅक’ म्हणतात. मुदत साधारणतः १२० दिवसांची. दुकानदार ‘थांबा, थांबा’ का म्हणत होता, ते आता उमगले. आम्ही जाहिरातीचे चित्र, मागणीचा क्रमांक, पार्सलवर छापलेले वजन, खेळण्याचे छायाचित्र आणि सारा पत्रव्यवहार जोडून दादाच्या बँकेकडे अर्ज केला. यंत्राच्या जाहिरातीत वजन काही किलो लिहिलेले, आणि पार्सलवर ग्रॅममध्ये! हा पुरावा आमचा सर्वांत बोलका ठरला. त्रेपन्न दिवसांनी पैसे खात्यावर जमा झाले.

यात आमची हुशारी थोडी आणि पैशाच्या वाटेचा गुण अधिक. हेच पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यावर थेट पाठवले असते, तर मध्ये हा माणूसच नसता. पार्सल हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत पुष्कळांना निर्धोक वाटते. परंतु खोके उघडण्याआधी पैसे द्यावे लागत असतील, तर ती जुन्या व्ही. पी. पार्सलचीच बहीण. व्ही. पी. आपल्या देशात १८७७ पासून. आणि घड्याळाच्या जागी विटेचा तुकडा निघाल्याच्या गोष्टी आपल्या आजोबांनीही ऐकलेल्या असतील. त्यापेक्षा काही मोठ्या बाजारपेठा गिऱ्हाइकाने माल मिळाल्याचे कळवेपर्यंत, किंवा ठरलेली मुदत सरेपर्यंत, पैसे स्वतःकडे राखून ठेवतात, ती रीत विसाराच्या जवळची. पण तिथेही एक पथ्य आहे: ‘तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो’ किंवा ‘बाजारपेठेबाहेर परस्पर पैसे पाठवा’ असे दुकानदार म्हणाला, तर ऐकू नये.

धोके आणखीही आहेत. परदेशातून आलेल्या मालावर सीमाशुल्क आणि जी.एस.टी. पडतो, तो धरला की स्वस्त वाटलेली वस्तू स्वस्त राहत नाही. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या खात्यावर पैसे भरा’ असा फोन आला, तर तो बहुधा ठकाचाच. सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी खात्यावर शुल्क मागत नाही, आणि त्याच्या पत्रावर पडताळून पाहता येणारा ओळख क्रमांक असतो. असे पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टवर चालते, आपली वीज २३० व्होल्टची. ते येथे लावले तर जळण्याचीच शक्यता, आणि हमीपत्र त्या देशापुरतेच. कधी तर दुकानच मिटते! २०२० च्या जूनमध्ये सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत ‘शीन’ होते. २४ नोव्हेंबर २०२० च्या यादीत ‘अलीएक्सप्रेस’ आले. अशा वेळी ज्याचा माल वाटेत असेल त्याने काय करावे? म्हणून कार्डावरचे परदेशी व्यवहार एरवी बंदच ठेवावेत. १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड मिळते तेच हे दार बंद करून मिळते; ते आपण उघडतो. परदेशी दुकाने पुष्कळदा ओटीपी न मागताच पैसे कापतात, म्हणून काम झाले की ते पुन्हा लावून घेणे बरे.

मित्रहो, परदेशी माल घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. इथे न मिळणारे पुस्तक, एखाद्या यंत्राचा सुटा भाग तिकडून मागवावा लागतो, आणि प्रामाणिक दुकानदार तिकडेही आहेत. पण आमच्यासारख्या घरांत मोबाईल आधी आला आणि इंग्रजी वाचणारे माणूस नंतर. जाहिरात चित्रांतून बोलते, ती सर्वांना कळते. परतीच्या अटी बारीक इंग्रजी अक्षरांत असतात, त्या कोणी वाचत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजाऱ्यांनी गट करून एकत्र खरेदी सुरू केली, कारण एकटे गिऱ्हाईक दुबळे असते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या कॉलेजातही राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास, गावच्या लोकांना अटी वाचून दाखवण्यासाठी आणि तक्रारी लिहून देण्यासाठी का बसू नये? प्राध्यापकांनी मनावर घेतले तर हे सहज होईल.

वडिलांना मी एकदा विचारले, “बाजारातल्या मधल्या माणसाला तुम्ही काय म्हणून मानता? तो तर दोघांकडूनही पैसे घेतो.” ते म्हणाले, “पैसे घेतो गं, पण भांडण झालं तर तोंड चुकवत नाही.” सातासमुद्रापलीकडे माल मागवताना मी आता भाव नंतर बघते. भांडण झाले तर तोंड न चुकवणारा कोणी मध्ये आहे का, हे आधी बघते.