खाली आलेला काटा

जिवतीला बदली झाली तेव्हा मी एक जुनी गाडी घेतली. माणिकगडच्या डोंगरावरचा हा तालुका, पलीकडे तेलंगणाची हद्द. जरा मोठं काम निघालं की घाट उतरून गडचांदूर, तिथून राजुरा, चंद्रपूर.

गाडीची खोड पहिल्याच आठवड्यात कळली. रात्री हेडलाइट लावला की तापमानाचा काटा टुणकन वर जायचा. बंद केला की परत जागेवर. मी घाबरून थांबायचो, बॉनेट उघडायचो, आत सगळं ठीक. गडचांदूरच्या मिस्त्रीने हसून सांगितलं, "गुरुजी, बटण दाबल्याबरोबर पाणी उकळते का? काटा उडी मारला, तर तो वायरीचा."

दोष अर्थिंगच्या वायरीत होता. इंजिन आणि बॉडी जोडणारी वायर गंजली की दिव्यांचा करंट नीट परतत नाही आणि मीटर भलतंच दाखवतं. मग त्याने सेन्सरची वायर काढून दाखवली, काटा पार तळाला. तीच वायर इंजिनला टेकवली, काटा थेट लाल पट्ट्यात. पाणी होतं तसंच. सेन्सर म्हणजे तापल्यावर ज्याचा विरोध कमी होतो असा एक तुकडा, काटा तेवढंच सांगतो. वायर त्याने बदलून दिली. मी नियम पाठ केला: उडी मारणारा काटा खोटा.

पुढच्या हिवाळ्यात एका रात्री शेजारच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. सहावीतला मुलगा. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं, अंगात ताप होता. आईवडील त्याला घेऊन मागच्या सीटवर बसले. मी हीटर लावला आणि निघालो.

घाटाच्या मध्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता कमी दुखतंय." सगळ्यांनाच हायसं वाटलं. थोड्याच वेळात काटाही झपकन तळाला आला. मी मनात म्हटलं, सेन्सरची वायर निसटली असेल. शिवाय उतार आहे, थंडी आहे, इंजिन तापणार कशाने? मिस्त्रीचा नियम होताच. मी चालवत राहिलो.

तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "सर, ते बंद करा ना, गार वारा येतोय लेकराला."

हीटरमधून गार वारा. हीटरला ऊब मिळते ती इंजिनच्या गरम पाण्याची. पाणीच नसेल तर ऊब कुठून येणार? मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. खालचा होज पाइप फाटला होता, पाणी मागे रस्त्यावर सांडत आलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं बोलतो. तो कोरडा पडला आणि काटा गार दाखवू लागला. आणखी थोडं चालवलं असतं तर इंजिन तिथेच जाम झालं असतं.

वळणापाशी रेंज मिळाली, मिस्त्रीला फोन केला. तो ओळखीची जीप पाठवतो म्हणाला. वाट पाहताना मुलाचे वडील म्हणाले, "सर, दुखायचं थांबलंय त्याचं. माघारी जाऊ, सकाळी बघू."

त्यांची चूक नव्हती. दहा मिनिटांपूर्वी मीही असंच म्हणालो होतो, काट्याबद्दल. मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण ताप तसाच होता, पोट ताठ लागत होतं, आणि दुखणं मात्र थांबलेलं. मी म्हटलं, "भाऊ, का थांबलं ते कळल्याशिवाय नको."

जीप आली. पहाटे चंद्रपूरला ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, फुटल्यावर आतला ताण जातो, दुखणं काही वेळ उतरतं. घरचे लोक तेवढ्यात निर्धास्त होतात, आणि विष पोटभर पसरत जातं.

मुलगा बरा झाला, पुढच्या वर्गात गेला. पाइप बदलताना मी मिस्त्रीला म्हटलं, "तुमच्या नियमाने घात केला असता." तो म्हणाला, "गुरुजी, एका काट्यावर गाडी चालवाले मी कधी सांगितलं?"

आता हिवाळ्यात घाट उतरताना मी अधूनमधून हीटरच्या जाळीपुढे हात धरतो. काटा मधोमध असला तरी.